पंगती उठेपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात, पुतणीच्या साखरपुड्याच्या दिवशी, माझ्या वहिनीला जळकोटहून उदगीरच्या दवाखान्यात नेताना ती वाटेत वारली. डॉक्टरांनी कारण हृदयविकाराचा झटका असं लिहिलं.

आमच्या घरात छातीत दुखणं नवं नव्हतं. आधीच्या सुगीत भावाच्या छातीत कळ आली, तेव्हा आम्ही जीप करून त्याला थेट नांदेडला नेलं. ईसीजी चांगला निघाला. दाबलं की दुखायचं. सोयाबीनची पोती उचलून स्नायू आखडला होता. निघताना तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. जेवणानंतरची जळजळ, आंबट ढेकर हे बहुतेक वेळा पित्ताचं असतं. पण छातीवर दडपण, घाम, दम लागणं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, यातलं काही झालं तर घरी थांबायचं नाही. बायकांना नुसती मळमळ आणि थकवाही येतो. भावानं मान हलवली.

साखरपुड्याच्या सकाळी वहिनी चुलीपुढं खालीच बसली. जबडा आणि पाठ दुखतेय म्हणाली. ब्लाऊज घामानं भिजला होता. आमच्या चुलतीनं ओवा चावायला दिला, भावानं पित्ताची गोळी.

"सकाळपासून पोटात काही न्हाई तिच्या. पित्त हाय," तो म्हणाला.

तिनं काही खाल्लं नव्हतं, हे खरं होतं.

मी १०८ला फोन लावतो म्हणालो. सायरन वाजवत गाडी दारात आली तर सोयरे काय समजतील, असं भावाचं म्हणणं पडलं. मग वहिनीच म्हणाली, "भाऊजी, पंगती उठू द्या. पोरीची आई रोगी हाय म्हणतील."

पंगती उठल्या. विहिणीची ओटी भरताना वहिनीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चुलती हसून म्हणाली, "लेक जाणार म्हणून आतापासूनच रडायलीय बघा." सोयरे निघाल्यावर वहिनीला उलटी झाली आणि तिला बोलता येईना. शेजाऱ्याची जीप काढली.

तेराव्याला व्याही आले. भावाजवळ बसून म्हणाले, "आमची गाडी तुमच्या दारातच होती की, पाव्हणं. एक शब्द सांगायचा."

भाऊ म्हणाला, पित्तच वाटलं.

लग्न ठरल्याप्रमाणं झालं. कन्यादान आमच्या चुलता-चुलतीनं केलं.