मध्येच कुणीतरी ओरडलं

आमचे हे सोफे शिवतात. तोंडात खिळे, हातात हातोडी आणि दुकानभर त्यांचा तो लाडका बँड. गाणं एकच, पण त्या लोकांनी ते कुठल्याही दोन कार्यक्रमांत सारखं वाजवलेलं नाही म्हणे. स्टेजवर सुचेल तसं वाढवतात, वळवतात. हौशी मंडळी प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून एकमेकांना वाटतात, आणि मग ह्यांचा उद्योग सुरू. नदीकाठच्या मैदानातलं चांगलं की स्टेडियममधलं? "इथे गिटार किती उशिरा येतं बघ! वा!" मी म्हणते, जेवायला तुम्हीही उशिराच येता, त्याला कधी वा म्हटलंय का मी?

या वेडातला त्यांचा जोडीदार म्हणजे माझा धाकटा भाऊ, बस ड्रायव्हर. दोघं इतके हमरीतुमरीवर येतात की गिऱ्हाइकाला वाटतं, जमिनीचा वाद आहे.

एका कार्यक्रमाचं मात्र नाव काढायचं नाही. बँड आमच्या शहरात एकदाच आला, तेव्हाचा. दोघांनी तिकिटं काढलेली आणि ऐन वेळी मला कळा सुरू झाल्या. हे माझ्याबरोबर दवाखान्यात, भाऊ एकटाच मैदानात. नंतर तो सांगायला आला तर ह्यांनी हातच जोडले. "बाबा रे, हुकलं ते हुकलं. एक शब्द बोलू नकोस." भाऊही हट्टी. मग मीही सांगत नाही, म्हणाला. आणि हे गावभर सांगत फिरले की ते रेकॉर्डिंग भंगार आहे, मध्येच कुणीतरी ओरडलं आणि गाण्याचा विचका झाला. ऐकीव बरं का! स्वतः एक सूर ऐकला असेल तर शपथ.

लेकीच्या वाढदिवसाला तर विनोद ठरलेलाच: "ही बाई आली आणि माझा कार्यक्रम बुडाला." सगळे हसायचे, तीही हसायची. पण परवा, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायची बॅग भरता भरता ती म्हणाली, "आई, मी त्याच दिवशी आले म्हणून बाबांना अजून वाईट वाटतं का गं?"

मी उठलेच. तडक भावाला फोन लावला. म्हटलं, ते रेकॉर्डिंग घेऊन ये, आत्ताच्या आत्ता.

आम्ही तिघं दुकानात शिरलो तेव्हा हे उलट्या सोफ्यावर वाकलेले, तोंडात खिळे, दोन्ही हातांनी कापड ताणलेलं. सोडलं की सुरकुती पडणार. लेकीनं नेमकी तीच वेळ साधली आणि रेकॉर्डिंग लावलं. "अं! अं!" एवढंच करता आलं बिचाऱ्यांना.

गाणं हळूहळू उतरत गेलं, शेवटी एकटं गिटार उरलं. आणि त्या शांततेत माझ्या भावाचा आवाज, अख्ख्या बसला ऐकू जाईल असा: "मुलगी झाली! आमच्या भाऊजींना मुलगी झाली रे!" दवाखान्यातून आमच्या आईनं मेसेज केला होता, तो वाचून हा गडी भर मैदानात ओरडला होता.

लोक हसले, टाळ्या वाजवू लागले, एका ठेक्यात. ड्रमवाल्यानं तोच ठेका उचलला, गिटार त्यावर नाचायला लागलं आणि गाणं असं काही उधळलं की माझासुद्धा पाय हलला. हो, माझासुद्धा!

ह्यांच्या तोंडातले खिळे जमिनीवर सांडले. कापड सुटलं. "अरे, पण हे... हे तर दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमात नाही!"

"कसं असेल, भाऊजी? दुसऱ्या कुठल्या दिवशी ही जन्मली होती का?"

ह्यांनी लेकीला जवळ ओढलं. डोळ्यांतून पाणी, आणि पुसायचंही भान नाही. "काही बुडालं नव्हतं गं माझं. ह्या टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हा तू माझ्या हातात होतीस."

ती रडत होती आणि हसतही होती. "मग सगळ्या रेकॉर्डिंगांत ह्याचा नंबर कितवा, बाबा?"

"पहिला! विचारतेस काय?" मग नाक पुसून म्हणाले, "फक्त ड्रमवाला टाळ्यांच्या जरासा मागे पडलाय."

"डोंबल मागे पडलाय!" भाऊ उसळला, आणि दोघांची पुन्हा जुंपली. लेक घरची अर्धी भरलेली बॅग विसरून उलट्या सोफ्यावर बसली आणि गाणं पहिल्यापासून लावलं.