तीन नंबरचा खांदा

समजा, तुम्हाला एका माणसाची शेरवानी शिवायची आहे. माणूस दिल्लीत, तुम्ही भिंगारला. चेहरा पाहिलेला नाही, नाव ठाऊक नाही. हातात फक्त चिठ्ठी : छाती अडतीस, बाही चोवीस. अंगावर घालून बघायची सोय नाही. शिवाल?

दाऊदभाईंनी शिवल्या, त्याही पाच; चिठ्ठीत नावांऐवजी नुसते एक ते पाच नंबर. १९४७चा दसरा नुकताच झाला होता. आशियातल्या देशांची परदेशात बैठक भरणार होती आणि आपल्या नव्या देशाचे पाच प्रतिनिधी तिथं बसणार होते. नगरच्या कापडबाजारातल्या आप्पासाहेबांनी दिल्लीच्या व्याह्यांकडून हे काम आणलं.

"दाऊदभाई, देशाची अब्रू तुमच्या सुईवर हाय!"

"म्हंजी माझी मान दोऱ्यावर," दाऊदभाई हसले.

पार्सल गेलं त्या दुपारी बायको बद्रुन्निसा म्हणाली, "तीन नंबरच्या डाव्या खांद्यात कापसाचा जादा थर कशाला भरला? गुंड्या लावताना हाताला लागला. चिठ्ठीत असंल म्हणून गप बसले."

दाऊदभाईंनी चिठ्ठी काढली. खांद्याचं काहीच लिहिलं नव्हतं.

असा थर ते एकाच माणसासाठी भरत. शमशेर, त्यांचा मुलगा, लहानपणी चिंचेवरून पडला आणि त्याचा डावा खांदा बोटभर खाली बसला. शमशेर चव्वेचाळीस साली फौजेबरोबर ब्रह्मदेशात गेला. 'बेपत्ता' एवढीच तार आली. मग ना पत्र, ना मयत.

थर कधी भरला, दाऊदभाईंना आठवेना. आठवलं ते एवढंच, की तीन नंबर शिवताना त्यांनी एकदाही चिठ्ठी पाहिली नव्हती.

तीन आठवड्यांनी आप्पासाहेब पत्र घेऊन आले. "चार शेरवान्या तिथं उसवून नीट कराव्या लागल्या बघा."

"आन तिसरी?"

"तिला कुणी हात लावला न्हाई. गंमत ऐका! तीन नंबरचे साहेब आयत्या वेळी आजारी पडले. बदली दुसराच कुणी पाठवला. त्याच्या अंगात घातली, तर त्याच्यावरच बेतल्यासारखी बसली म्हणं. लागलीच विमानानं गेला बी."

बद्रुन्निसा सुई तशीच हातात धरून दारात आली. "त्याचा खांदा कसा हाय, लिवलंय?"

आप्पासाहेबांचं हसू विरलं. "न्हाई वो भाभी. नाव बी न्हाई."

त्यांनी दिल्लीला दोनदा लिहून विचारलं. व्याह्यांना काहीच कळलं नाही, आणि तो बदली माणूस परतून कुठं गेला, तेही कुणी सांगेना.

याला दोन वर्षं झाली. ती चिठ्ठी अजून मशीनच्या खणात आहे. दिल्लीकडचं गिऱ्हाईक आलं, की दाऊदभाई टेप उचलण्याआधी हळूच विचारतात, "साहेब, त्या बैठकीला गेलेल्यांत डावा खांदा उतरलेलं कुनी हुतं का?"