अर्ध्यावरची चित्रं

कुठलंही चित्र अर्ध्यावर आलं की बिघडलेलंच दिसतं. उदगीरला आमचा रविवारचा चित्रांचा वर्ग सहा वर्षं चाललाय, आणि सांगण्यासारखं जे काही घडलं ते सगळं या अर्ध्यावरच.

धान्याचे व्यापारी शिवलिंगअप्पा साठीनंतर वर्गात आले. त्यांनी किल्ला काढायला घेतला. महिनाभरानं बायकोनं विचारलं, ‘‘हे तुरीचं पोतं कशाला काढायलाव?’’ अप्पांनी चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवून दिलं. आमच्या बिरादार सरांनी ते खालचं वर करून उलटं टांगलं. उलट्या चित्राकडं बघता बघता अप्पांनाच दिसलं, की सावली सगळीकडं सारखीच पडलीय, म्हणून बुरूज वेगळे उठतच नाहीत. तिथून किल्ला उभा राहिला. आता तो दुकानात लावलाय, आणि गिऱ्हाइकं बुरूज ओळखतात.

*

माझी तऱ्हा वेगळी. चित्र अडलं की मी नवीन कॅनव्हास घ्यायची. सरांनी एकदा सगळी अर्धी चित्रं घेऊन बोलावलं आणि भिंतीला ओळीनं लावली. अकरा निघाली.

‘‘ताई, ही अकरा चित्रं न्हाईत,’’ सर म्हणाले. ‘‘एकाच जागी तुमी अकरा वेळा थांबलाव.’’

लई लागलं. पण त्यातलं चौथं मी पूर्ण केलं.

*

सर कधी अडत नसतील, असं आम्हाला वाटायचं. एकदा त्यांनी आमच्यासमोर एकच आभाळ चार वेळा खरवडलं. अप्पांनी भीत भीत विचारलं, तुमचंबी असं होतंय का? सर म्हणाले, चाळीस वर्षं झाली, रोजच होतंय. त्या दिवशी आम्ही सगळे घरी खुशीत गेलो.

*

रुखसाना आपा रिटायर्ड नर्स. त्या आपल्या आईचं चित्र काढत होत्या. आईचा एकही फोटो नव्हता. साडी झाली, पानाचा डबा झाला, हात झाले. चेहरा काही येईना. दोन महिने त्या चेहरा काढायच्या आणि पुसायच्या. एका रविवारी म्हणाल्या, मला अम्मीचा चेहराच आठवत न्हाई, आता बास.

त्या दिवशी त्यांना न्यायला बिलोलीहून मोठे भाऊ आले होते. चित्रात चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी डाग होता. म्हातारे दारातच थांबले. चपला काढल्या. हळूच आत येऊन चित्रासमोर खाली बसले.

‘‘अम्मी पान लगा रही,’’ ते म्हणाले.

आपांनी धुऊन ठेवलेला ब्रश परत उचलला.