चावीवाले वजुकाका

सिहोरच्या कंसारा आळीत एखादा हळू बोलला तर लोकांना वाटतं, याच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे. पिढ्यानपिढ्या तांब्या-पितळेची भांडी ठोकून आळीचे कान कामातून गेलेले. नवरा-बायकोचं भांडण तिसऱ्या घरात ऐकू जातं, आणि खाजगी बोलायचं तर माणसाला थेट डोंगरावर न्यावं लागतं. असल्या आळीतसुद्धा व्रजलाल कंसारा, म्हणजे आमचे वजुकाका, बहिरे म्हणून वेगळे ओळखले जात. घागरीचं पोट ठोकायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे. डोकं जवळजवळ घागरीत घालूनच बसावं लागे. तिशी यायच्या आत एक कान गेला. दुसरा कसाबसा टिकला, पण तोही कुणी ओरडलं तरच कामाला येई.

त्यांचं लग्न या कानांनीच मोडलं. पालिताण्याची मुलगी पाहायला गेले तेव्हा मुक्ताभाभींनी, म्हणजे थोरल्या वहिनींनी, बजावून ठेवलं होतं, "वजुभाई, ती काहीही विचारू दे, तुम्ही आपलं हो म्हणायचं. नाही म्हणालात की संपलं." रीतीप्रमाणे दोघांना आतल्या खोलीत बसवलं. मुलीने मान खाली घालून पुटपुटत विचारलं, "तुम्हाला घरच्यांनी जबरदस्तीने आणलंय का?" वजुकाका हसून म्हणाले, "हो, हो." तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे हे लग्न तुम्हाला नकोय?" वजुकाका म्हणाले, "हो तर!" बाहेर आले ते खुशीत. पेढे दोन जास्तच खाल्ले. पुढे नकार आला आणि त्याचं कारणही कळलं, तेव्हा सगळी आळी पोट धरून हसली. वजुकाकाही हसले. पुन्हा मुलगी पाहायला मात्र ते गेले नाहीत.

यथावकाश भाऊ गेले, भाभी गेल्या. स्टील आलं, प्लास्टिक आलं, खालचं दुकान बंद पडलं. पुतण्यांच्या चुली वेगळ्या झाल्या. थोरला केतन आणि त्याची बायको हिना पहिल्या मजल्यावर, धाकटा परेश आणि जागृती दुसऱ्या मजल्यावर, आणि वजुकाका तळाला, जिन्यालगतच्या खोलीत. एक महिना केतनकडून ताट यायचं, एक महिना परेशकडून. कुणी त्यांना उपाशी ठेवलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. खरं तर कुणी बोललंच नाही. बहिऱ्या माणसाशी सारखं ओरडून कोण बोलणार? जीव दमतो. ताट ठेवायचं, खांद्याला हात लावायचा, झालं काम.

अपवाद फक्त पाण्याचा. गावात पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे आणि थोडाच वेळ. वजुकाकांच्या वडिलांनी घर बांधताना घातलेला लोखंडी नळ जिन्याखालून आत यायचा, आणि तिथे त्याला तीन चाव्या होत्या, एकेका मजल्याची एकेक. तिन्ही एकदम उघडल्या तर वर कुणालाच पाणी चढायचं नाही. म्हणून आधी दुसऱ्या मजल्याची उघडायची, ती टाकी भरली की पहिल्याची, उरलंसुरलं तळाला. हे काम वजुकाकांचं. पाणी आलं हे त्यांना कानाने कळत नसे. ते नळावर तळवा ठेवून बसत. नळ थरथरला की चावी फिरवत. मग वरून हाका सुरू होत.

"वजुकाका, पाणी सोडा!"

"काका, परेशकडे बस झालं, आता आमच्याकडे!"

"ओ काका, झोपलात का? बंद करा, वाहून चाललंय!"

काकांना ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हाक एकदा कधीच नसे. दोनदा, तीनदा, जिन्यात वाकून, बेंबीच्या देठापासून. शेजारचे वैतागत. वजुकाका मात्र चावीवर हात ठेवून बसलेले असत आणि वरून आपलं नाव पडत राही. पाहुणे येणार असले की हिना आदल्या संध्याकाळी मुद्दाम खाली यायची आणि त्यांच्या कानाशी ओरडायची, "काका, उद्या आम्हाला जरा जास्त द्या हं, जागृतीला कळू देऊ नका." ती वर गेली की जागृती उतरायची आणि नेमकं तेच सांगायची. वजुकाका दोघींना मान डोलवत आणि पाणी सारखंच देत. पाण्याच्या दिवशी ते या घरात होते. मधल्या दिवशी फक्त त्यांचं ताट होतं.

नळ सडला होता यात शंका नाही. आधी पाणी पिवळं यायला लागलं, मग त्यात गंजाचे पापुद्रे. परेशच्या पांढऱ्या सदऱ्यांवर डाग पडले. दुसऱ्या मजल्यावर धार करंगळीएवढी झाली. भिंतीत कुठेतरी गळून केतनच्या देवघरामागे ओल आली तेव्हा दोघा भावांनी ठरवलं, घरातली सगळी पाइपलाइन काढायची आणि प्लास्टिकची नवी टाकायची. दाराशी जमिनीत टाकी, त्यावर मोटर. वरच्या टाक्यांतलं पाणी खाली गेलं की मोटर आपली आपण चालू, टाक्या भरल्या की आपली आपण बंद. वीस वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

केतन खाली आला आणि काकांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "काका, आता तुम्ही सुटलात! पहाटे उठायला नको, काही नको. मस्त झोपा."

किती मायेने म्हणाला तो. वजुकाका म्हणाले, "बरं झालं, दीकरा." त्यांना नाही म्हणायचं होतं, पण कशाच्या जोरावर म्हणणार? गंजका नळ राहू द्या, मला हाका मारा, असं कुणी सांगतं का?

काम करायला सलेमानभाई प्लंबर आला. भिंती फोडायच्या यंत्राने त्याचाही गळा मोठा झालेला, त्यामुळे वजुकाकांची आणि त्याची छान गट्टी जमली. तो जुन्या नळाचे तुकडे काढून ओट्यावर टाकायचा. एक तुकडा त्याने उचलून काकांच्या डोळ्यांपुढे धरला. आत गंज इतका साचला होता की पलीकडचा उजेड टाचणीएवढा दिसत होता.

"काका, यातून तुम्ही दोन मजल्यांना पाणी पाजत होतात? चमत्कारच म्हणायचा."

"जोर नव्हता, पण चढायचं," वजुकाका म्हणाले. मग चहाचा पेला त्याच्या हातात देत त्यांनी विचारलं, "सलेमान, चावी कुठे बसवणार?"

"चावी कशाला आता? मोटर आहे ना."

"एक असू दे. जिन्याखाली."

"अहो, करायची काय तिला? पूजा?"

"लाइट गेली तर? मोटर काय हाताने फिरवणार तू?"

सलेमानभाईने डोकं खाजवलं. म्हातारा बोलत होता त्यात तथ्य होतं. आणि बोलताना त्याचा चेहरा कसा झाला होता हेही त्याने पाहिलं. त्याने जिन्याखाली एक चावी बसवली, गावचं पाणी टाकीत न सोडता सरळ वर चढवणारी. केतनला बोलावून त्याने सांगितलं, "लाइट गेली तर काकांना ही फिरवायला सांगा. पहिल्या मजल्यापर्यंत तरी चढेल."

काम संपलं, भिंती लिंपून झाल्या. नव्या नळाच्या पहिल्या पहाटे वजुकाका उठले आणि सवयीने जिन्याखाली जाऊन बसले. वर परेशच्या न्हाणीघरात धबधबा पाणी पडत असणार, कारण बाहेर मोरीतून फेसाळ लोट वाहताना त्यांना दिसला. त्यांनी प्लास्टिकच्या पाइपवर तळवा ठेवला. मोटर चालू असली की त्यात बारीक कंप जाणवे, बंद झाली की काहीच नाही. कुणी हाक मारली नाही. मारायचं कारणच नव्हतं. दुपारी ताट आलं, खांद्याला हात लागला. त्या दिवशी वजुकाकांना आपलं नाव ऐकूच आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, मग त्यांनी मोजणं सोडलं. रोज थोडा वेळ ते चौकातल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसू लागले, पण तिथेही लोक त्यांना बघून हात हलवत आणि आपापसात बोलत. माणसांत बसूनही त्यांना फार एकटं वाटे. तेव्हा ते घरी येऊन पडून राहत.

एक नाद मात्र लागला त्यांना. आभाळाकडे बघायचा. उन्हाळा सरत आला की समुद्राकडून वादळ येतं, पत्रे उडवतं, तारा तोडतं. सगळा गाव त्याच्या नावाने बोटं मोडतो. वजुकाका एकटे त्याची वाट बघत होते. वारा सुटला की उठून दिव्याचं बटण दाबून पाहत. दिवा लागायचा. अलीकडे लाइट कंपनीने कामात फार सुधारणा केली होती.

शेवटी एकदाची लाइट गेली. जागृतीला दिवस गेले होते, तिचा खोळा भरायचा होता, म्हणजे आपलं डोहाळजेवण. सुरतेहून तिच्या माहेरची माणसं आदल्या दिवशीच आली होती आणि आंघोळी करकरून त्यांनी वरच्या टाक्या कोरड्या केल्या होत्या. पहाटे पाण्याच्या वेळीच वारा सुटला आणि आळीतला शेवटचा दिवाही गेला. वजुकाका अंधारात जिन्याखाली जाऊन बसले. चावी हाताशी होती. बस, आता कुणीतरी म्हणायचं होतं.

"वजुकाका!" हिनाचा आवाज जिन्यातून आला. "पाणी! चावी सोडा!"

ऐकू आली. चांगली स्वच्छ ऐकू आली. हात चावीवर गेला आणि तिथेच थांबला. आणखी एक, त्यांना वाटलं. आता परेश ओरडेल, मग जागृती म्हणेल झोपलात का. नाही तरी कुणाला वाटणार आहे म्हाताऱ्याने मुद्दाम केलं म्हणून? आपल्याला ऐकू येत नाहीच. किती दिवसांनी कुणी हाक मारत होतं. एवढी घाई कशाला करायची?

ते थांबले. वर काय चाललं होतं ते त्यांना कळेना. मग जिन्यात पिवळा उजेड पडला. समोरच्या घरातला पंखा फिरायला लागलेला दिसला. त्यांनी घाईघाईने चावी धरली, पण हाताखालचा पाइप थरथरत होता. मोटर चालू झाली होती.

दुसरी हाक आली नाही.

खोळा भरून झाला, सुरतेची मंडळी जेवून निघून गेली. संध्याकाळी केतन लापशीची वाटी घेऊन खाली आला आणि काकांच्या शेजारी खाटेवर बसला. काकांच्या गुडघ्यावर हात ठेवून तो चांगल्या मोठ्या आवाजात काही बोलला. चेहरा फार प्रेमळ होता त्याचा. वजुकाकांना सगळं ऐकू आलं. ऐकू आलं होतं असं सकाळचंही सांगून टाकावं, असं त्यांच्या ओठांवर आलं. पण मग चावी का फिरवली नाहीत, काका, असं त्याने विचारलं असतं. त्याला काय सांगणार?

"काय म्हणालास?" वजुकाकांनी विचारलं.

केतन जवळ सरकला, दोन्ही हातांचा पोंगा करून त्याने काकांच्या कानाला लावला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, "म्हटलं, वजुकाका, आता हाक मारलेली तुम्हाला ऐकू येत नाही! पुढच्या वेळी लाइट गेली तर आम्ही हाक मारणार नाही! चावी मीच येऊन फिरवीन!"