रोगाच्या बांधीची सत्यभामा

“माह्या ओळीले हळू काप, बाई! नुस्ता शेंडा घे. अर्धं पान नको खाऊ!”

“तुही ओळ? कवापासून व तुही ओळ? जमीन सरकारची, धान सरकारचं, कात्री सरकारची. तुहं काय हाय इथं?”

“संकर मी केला. लोंबीलोंबीले कागदाची पिशवी मी बांधली.”

“अन् तुले या फारमवर हात धरून आणलं कोणं?”

एवढं बोललं की मंजू नेहमीच माघार घेते, हे सत्यभामेला पक्कं माहीत होतं. म्हणून तर ती ते वाक्य जपून ठेवायची आणि वेळेवर काढायची.

“झालं का व तुमचं?” बांधावरून डोमाजी मुकादम ओरडला. “झगडा बाद में करना! लोट्यातलं रोगाचं पानी उन्हानं मरून जाईन, मंग मॅडम मलेच कापन.”

मंजू जाळीघराकडे निघाली. कमरेला खोचलेली जाळीघराची किल्ली चालताना वाजत होती. सत्यभामा त्या किल्लीकडे बघत राहिली आणि तिनं कात्री लोट्यात बुडवली.

बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या सडकेला लागून हा सरकारी धान फारम. तिथल्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, निरोगी ठेवायच्या, एक सोडून. त्या एका बांधीत धान आजारी पाडायचं, आणि तेही मन लावून. रोग कडा करप्याचा. काचेच्या बशीत वाढवलेले त्याचे जंतू पाण्यात कालवायचे, त्या पाण्यात कात्री बुडवायची आणि पानाचा शेंडा छाटायचा. कापलेल्या तोंडातून रोग आत शिरतो. पंधरवड्यात पान कडेकडेनं पिवळं पडतं, मग धानाच्या वाळल्या तणसासारखं पांढरं होत खाली उतरतं. या कात्रीतून जे वाण वाचलं ते पुढं गेलं, जे पडलं ते बाद. आणि ही कात्री आठ पावसाळे एकट्या सत्यभामेच्या हातात होती.

गावात तिचं ‘रोगाच्या बांधीची सत्यभामा’ हे नाव त्यावरूनच पडलं होतं. शेजारची विमलाबाई रोवणीच्या दिवसांत तिला आपल्या धुऱ्यावरून जाऊ देत नसे. “तू सडकेनंच जा व माय. तुह्या पदराले काय लागून असन, कोणाले ठाऊक!”

“झटकू का पदर?” सत्यभामा उलट विचारायची. “एका झटक्यात तुहा एकर साफ!”

बायका हसायच्या, तीही हसायची. नवरा महागू मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत ठेकेदाराकडे होता. सुटीला घरी आला की चहाच्या टपरीवर सांगायचा, “लोक धान जगवाचा पगार घेते, माही बायको मारायचा घेते!” सत्यभामा तेही हसण्यावारी न्यायची. आपल्यासारखा रोग कोणालाच पाडता येत नाही, याचा तिला आतून अभिमानच होता. रोगच नीट पडला नाही तर कोण टणक आणि कोण लेचंपेचं, हे मॅडमला तरी कसं कळणार?

मग मंजू आली.

मंजू तिच्या मामाची शेंडेफळ पोर. सत्यभामा लहानपणी मामाकडे गेली की मामी म्हणायची, “पाय माही मंजू कशी नाजूक हातानं रांगोळी घालते. नाईतर तू, शेण थापल्यासारखी!” पुढं मंजूचं लग्न बालाघाटातच झालं, बैहरच्या जीपवर ड्रायव्हर असलेल्या प्रीतमशी. ती एकदा म्हणाली, “बाई, मलेही तुह्यासंगं कामाले ने न.” सत्यभामेनं स्वतः डोमाजीपुढं शब्द टाकला. घरात चुलीचं लाकूड आपणच आणावं आणि धुरानं डोळे चोळत बसावं, तसं झालं ते.

फारमवरच्या शास्त्रज्ञ देवश्री मॅडमना जाळीघरासाठी एक बाई हवी होती. तिथं संकर करायचा, म्हणजे दुपारी धानाच्या एकेका फुलाची टोपी कापायची, आतले पराग चिमट्यानं उचलायचे, लोंबीवर पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी परक्या धानाचा पराग तिच्यावर झटकायचा. मॅडमनी दोघींना चिमटे दिले. मंजूच्या लोंबीत दाणे भरले. सत्यभामेच्या लोंबीतली फुलं चिमट्याखाली चिरडून काळी पडली.

“सत्यभामा, तुझा हात कापायचा आहे,” मॅडम हसून म्हणाल्या. “जुळवायचा हात मंजूचा.”

मॅडम ते विसरूनही गेल्या असतील. सत्यभामेला ते वाक्य भात ढवळतानाही ऐकू यायचं. वर नवा नियम आला, की रोगाच्या बांधीतल्या माणसानं जाळीघराच्या आत पाऊल टाकायचं नाही. हात धुतले तरी नाही. मंजू आत, सावलीत, किल्लीची मालकीण. सत्यभामा बाहेर, चिखलात.

मंजूच्या हाती आलं ते चिन्नोर, इकडचं वासाचं धान. शिजलं की वासानं आळी जागी होईल असं. पण करप्यापुढं अगदीच लेचंपेचं. कुठल्याशा परमुलखातल्या जंगली धानात करप्याला दाद न देण्याचा गुण सापडला होता. तो आधीच कोणी एका साध्या वाणात आणून ठेवला होता. त्या वाणाशी चिन्नोरचा संकर, मग पोरांचा पुन्हा चिन्नोरशी, त्यांच्या पोरांचा पुन्हा चिन्नोरशी, म्हणजे वास परत यावा आणि गुण तेवढा राहावा. गुण राहिला की गेला हे रोपाच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक रोपाच्या पानाचा तुकडा हैदराबादच्या प्रयोगशाळेत जायचा आणि तिथून तपासणीचा फोटो यायचा. ज्याच्या रांगेत गुणाची रेघ उमटली, तेच रोप ठेवायचं.

नळावर मंजू हे हात नाचवून सांगायची. “रोप बोटभर असते, बाई, तवाच समजते! रोग यायची वाटच नाई पाहा लागत.”

“मंग कात्री काहून मांगतात व तुह्या मॅडम?” सत्यभामा कळशी उचलत म्हणायची. “रेघ आली फोटोत तर आली. माह्या कात्रीखाली ये म्हणा, मंग पाहू रेघ.”

आज ती ओळ तिच्या कात्रीखाली आली होती. दोन हजार चारचा पावसाळा उताराला लागला होता. ओळ टिकली तर मंजू किसान मेळ्यात मंचावर बसणार, जाळीघर कायमचं तिचं होणार. पडली तर मॅडमना सगळं पहिल्यापासून करावं लागणार, आणि मग नवे हातही शोधावे लागतील. सत्यभामेचा हिशेब इतका साधा होता.

नियम एकच होता. एका पानाला एक काप, तोही शेंड्याला, सगळ्या ओळींना सारखा. सकाळी तिनं नियमानं कापलं. मग भाकरीची सुटी झाली, माणसं मोहाच्या झाडाखाली बसली, डोमाजीनं गमछा तोंडावर घेतला. लोट्यात तळाशी पाणी उरलं होतं. ते चुन्याच्या खड्ड्यात ओतायचं असतं.

सत्यभामा लोटा घेऊन मंजूच्या ओळीपाशी बसली. कात्री बुडवली आणि कापलेलं पान आणखी खाली कापलं. पुन्हा बुडवली, आणखी खाली कापलं. हातात राहिलं ते अर्धं पान. “चाल, दाखव आता तुही रेघ,” ती पुटपुटली. रोपाला म्हणाली की मंजूला, ते तिलाही सांगता आलं नसतं. ओळ संपली तेव्हा तिच्या पायांशी हिरव्या तुकड्यांचा सडा पडला होता. तो तिनं चिखलात तुडवला.

मंजू दुसऱ्या दिवशी बांधावर आली. शेजारच्या ओळी गुडघ्याच्या वर, आणि आपली तेवढी हजामत केल्यासारखी. तिनं वाकून एक पान बोटांत धरलं, सत्यभामेकडे पाहिलं आणि निघून गेली. सत्यभामेची उत्तरं ओठांवर तयार होती, ती तशीच राहिली. चार शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर सत्यभामा रोज सगळ्यांच्या आधी फारमवर यायची. कडेच्या ओळींत मुद्दाम लावलेलं लेचंपेचं वाण कोसळायला लागलं. उजाडताना त्याच्या पानांवर रोगाचे पिवळे थेंब दवासारखे चमकायचे. इतका देखणा रोग तिनंही कधी पाडला नव्हता. मंजूच्या ओळीवर नखभर पिवळेपणा आला. सत्यभामेनं मनाशी मोजलं. उद्या बोटभर होईल, परवा वीतभर. पण रोग त्या नखावरच बसून राहिला. न बोलावलेल्या पाहुण्यासारखा ओसरीवर बसला, घरात कोणी घेतलाच नाही.

पंधरवड्यानं देवश्री मॅडम पट्टी घेऊन मोजायला उतरल्या. चारी बाजूंनी वाळल्या तणसाचा रंग आणि मधोमध एक ठेंगणी, हिरवीगार ओळ. मॅडम थांबल्या. पान उचललं, पट्टी लावली, भुवया आकसल्या.

“ही पानं अर्धी कुणी कापली? सत्यभामा?”

डोमाजी आभाळाकडे बघायला लागला.

“मी कापली, मॅडम,” मंजू म्हणाली.

“तू?”

“हौ. मले पाहायचं होतं, किती सोसते थे. दुपारी उरलेलं पानी होतं.”

“मंजू, तुला नियम ठाऊक आहे! सगळ्यांना सारखा काप, नाहीतर तुलना कशाशी करायची मी? ही ओळ यंदा बाद. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.” मॅडम खरंच चिडल्या होत्या. पण बोलता बोलता त्यांचा हात त्या ठेंगण्या पानांवरून फिरत राहिला. “आणि तरी बघा कशी उभी आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “बघा रे सगळे. अर्धं पान कापून हिरवं!”

सगळे बघायला गोळा झाले. डोमाजी म्हणाला, “वा व मंजू! जादू हाय तुह्या हातात.” मोहाखालच्या बाया धावत आल्या. मेळ्याचा मंच एक वर्ष लांबला, ओळ कागदावरून गेली, सत्यभामेनं मागितलं होतं ते सगळं मिळालं. आणि बघावं तिकडं मंजू, मंजू, मंजू. शिव्या खाल्ल्या त्याही तिच्याच कौतुकात जमा!

दुपारी सत्यभामा जाळीघरापाशी गेली. आत जायची मनाई, म्हणून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मंजू पाठमोरी बसून एका लोंबीवर पिशवी चढवत होती.

“काहून घेतलं व अंगावर? मोठेपणा दाखवाले?”

“नाई.”

“मंग? दया आली माही?”

“तुही?” मंजू वळली. तिचे डोळे कोरडे होते. “इतकी चांगली नाई मी, बाई. तीन साल या लोंब्यायवर डोळे फोडले म्यां. अन् तू गेली असती एका दुपारात खाऊन.”

“तरी नाव नाई सांगतलं माहं.”

“सांगतलं असतं तर मॅडमनं तुले काढलं असतं. मंग पुढच्या साली कापते कोण? तो फारमवरचा फकिरा? त्याचा हात हलका. त्याच्या हातून पास झालं तर तूच सडकेवर उभी राहून म्हणशीन, कात्रीच बोथट होती म्हणून.” तिनं पिशवीचं तोंड दुमडून टाचणी मारली. “माह्या धानाचं वाईट व्हावं असं तुह्याइतकं कोणालेच वाटत नाई. मले तुहाच काप पाह्यजे. नियमानं, एकच, पण तुहा.”

सत्यभामेच्या तोंडावर रक्त चढलं. आठ पावसाळ्यांत तिच्या हाताला कोणी असं मागून घेतलं नव्हतं, आणि मागत होती ती ही.

“येशीन न, बाई, पुढच्या साली?”

सत्यभामेनं चौकटीवरचा हात काढला, पदर खोचला. “कात्रीले धार लावून ठेवा म्हणा,” ती म्हणाली आणि चिखलाच्या पायांनी सडकेकडे चालू लागली.