परेडवर निघालेला परण्या

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या मिशा कुठे गेल्या, असं कंपनीत सगळे विचारतायत ना? ऐका तर मग!

माझ्या भाच्याचं, संकेतचं लग्न. सांगवीत. मुहूर्त साडेबाराचा. थोरल्या भाच्याच्या वेळी परण्यापुढं, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीपुढं, पोरं इतकी नाचली होती की मुहूर्तच गेला, आणि ते व्याही आजतागायत बोलून दाखवतात. म्हणून ताई आधीच धास्तावलेली.

"बाळ्या, या खेपेला मुहूर्त चुकला तर मी विहीणबाईंना तोंड दाखवायची न्हाई, सांगून ठेवते!"

"ताई, चुकला तर मिशा उतरवीन!" चारचौघांत बोलून बसलो.

आता मी चाकणच्या कंपनीत लाइन सुपरवायझर. कुठं उशीर दिसला की माझे हात शिवशिवतात. त्यातून शाळेत सव्वीस जानेवारीच्या परेडला साइड ड्रम वाजवलेला, म्हणजे संगीतातलं मला सगळंच कळतं, हे ओघानं आलंच. सिनेमातलं कुठलंही उडतं गाणं घ्या, तो ट्रम्पेट, तो ड्रम, सगळं आलंय पलटणीच्या बँडातून. लग्नातल्या बँडवाल्यांचा लाल कोट, खांद्यावरच्या झालरी, त्या काय आभाळातून पडल्या? मग मी डोकं लावलं. गाणी तीच ठेवायची, ठेका तेवढा परेडचा करायचा. ठेका सरळ, तर पाय सरळ. नाचणार कोण?

बँडमास्तर दापोडीचे, जुनं खोड. ते म्हणाले, "साहेब, गाण्याचा जीव जाईल हो."

"जाऊ द्या. मुहूर्त वाचेल."

मारुतीच्या देवळापासून परण्या निघाला. गाणं एकदम हिट, पण ठेका धडाम् धडाम् परेडचा! नाचायला हात वर केलेली पोरं दोन पावलांत लेफ्ट-राइट करायला लागली. मावश्या शालू सावरत मागून पळतायत. घोडीसुद्धा पाय जुळवून चालली, राव! एरवी दीड तास खाणारा रस्ता बघता बघता संपला. मी सगळ्यात पुढं, छाती काढून. लई भारी वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

कार्यालयाच्या दारात मात्र चिटपाखरू नाही. आत एकजण खुर्च्यांना कापडं घालतोय. नवरी पार्लरात. बँडचा आवाज ऐकून नवरीचे वडील बनियनवरच बाहेर आले.

"आवो, आत्ताशी अकरा वाजत्यात! ओवाळायला एक बाईमाणूस न्हाई हितं. नवरदेव असाच आत घ्यायचा व्हय?"

"पण मुहूर्त..."

"मुहूर्ताला लई टाइम हाय, पावनं. जावा, एक चक्कर मारून या. आन जरा नाचत या, माणसावानी!"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. "आता आमच्या पद्धतीनं वाजवू का?"

"वाजवा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेच गाणं, तोच ट्रम्पेट. पण मास्तरांनी ठेका असा काही मोडला की पहिल्याच ठोक्याला माझा डावा खांदा उडाला. मग उजवा. म्हटलं, एकच गाणं. तेवढ्यात पोरांनी मला मध्ये ओढलं, "मामा! मामा!" मग काय विचारता! रुमाल दातांत धरला, नागीण झालो, भर रस्त्यात लोळलो. मास्तर दम घ्यायला थांबले की मीच ओरडायचो, "वन्स मोर!" संकेत घोडीवरून हातातलं घड्याळ दाखवतोय. मला वाटलं, तोही नाचतोय!

शेवटी कुणीतरी माझी कॉलर धरली. बघतो तर नवरीचे वडील, आता डोक्याला फेटा.

"पावनं, एक वाजला!"

मी आजूबाजूला पाहिलं. पोरं दमून केव्हाच कडेला बसली होती. गल्लीत घोडी अडवून नाचत होतो तो मी एकटाच.

ताई मात्र लग्नभर हसतमुख. मी म्हटलं, चला, विसरली बिचारी.

भाऊबीजेला पाटावर बसलो. ताईनं ताट पुढं आणलं. निरांजन, सुपारी, अक्षता, आणि मधोमध नवं कोरं रेझर!

"जा, आधी उतरवून ये," ती म्हणाली, "मग ओवाळते. आणि लवकर ये हां, मुहूर्त चुकेल!"