टीचर इग्नेशिया ‘नाही’ म्हणाली

मोर्न सिट्रॉनच्या शाळेत पात्वा बोललं की हातावर पट्टा बसायचा. पात्वा म्हणजे आम्ही सेंट लुशिया बेटावरची माणसं घरीदारी बोलतो ती भाषा. बाळाला जोजवायचं तिच्यात, शेजारणीशी भांडायचं तिच्यात, देवाला दोन शब्द सुनवायचे तेही तिच्यातच. शाळेच्या दारात मात्र ती थुंकून टाकायची आणि मग आत यायचं, असा कायदा. हा कायदा ज्यांनी केला त्यांना बहुतेक आया नसाव्यात.

टीचर इग्नेशिया फेलिसिएं याच शाळेत शिकली. लहानपणी तिला पटांगणात गांधीलमाशी चावली आणि ती पात्वात ‘आई गं’ म्हणून ओरडली. त्याबद्दल तिला खडीवर गुडघे टेकून बसवलं. तेव्हापासून तिनं पात्वाचं नाव टाकलं. घरी आई पात्वात बोलायची, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. आईला इंग्रजी कळायचं अर्धंमुर्धं, त्यामुळे मायलेकींचं बोलणं कायम अर्ध्यावरच राहिलं. आई गेली तीही तशीच.

पुढे इग्नेशिया त्याच शाळेत शिकवायला लागली. चांगली शिकवायची. वेळ पडली तर पट्टाही चालवायची, ते लपवण्यात अर्थ नाही. पण इतकी वर्षं होऊनही ती हंगामीच होती. कायम व्हायचं तर इन्स्पेक्टरनं वर्गात बसून दोन बरे शब्द लिहायला हवेत. कायम झालं की म्हातारपणी पेन्शन. नाही तर उद्या दुसरी कोणी आली की चालू पडा.

त्या वर्षी इन्स्पेक्टर येणार होता आणि वर्गात डायरेक्ट-इनडायरेक्ट चाललं होतं. मुलं पोपटासारखी वाक्यं बदलत होती. माळी म्हणाला, “मी झाडांना पाणी घालतो.” माळी म्हणाला की तो झाडांना पाणी घालतो. असला माळी त्यांतल्या एकानंही पाहिलेला नव्हता. इग्नेशियाला स्वतःलाच कंटाळा आला. ती म्हणाली, “माळ्याला सोडा आता. घरातलं मोठं माणूस तुम्हाला काय म्हणालं ते लिहून आणा. डायरेक्ट.”

“जसंच्या तसं, टीचर?” लिओनीस नावाच्या मुलीनं विचारलं.

“जसंच्या तसं. अवतरणचिन्हांच्या आत दुसऱ्याचं बोलणं असतं. तिथे आपण हात घालायचा नाही.”

ती हे सवयीनं बोलून गेली. लिओनीसनं ते मनावर घेतलं.

लिओनीसची आई अर्मान्स धक्क्यावर केळीचे घड डोक्यावरून बोटीत चढवायची. ती शाळेकडे कधी फिरकली नाही, कारण शाळेत इंग्रजी बोलावं लागतं. तिचं बोलणं पोरीनं कानावर जसं पडलं तसं, ओबडधोबड अक्षरांत, पात्वातच लिहून आणलं. इग्नेशियानं वही उघडली, वाचली आणि लाल पेन खाली ठेवलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. बरोबरची खूण करावी तर शाळा चवताळेल, चुकीची करावी तर पोरीनं तिच्याच सांगण्याप्रमाणे केलेलं. सकाळी तिनं बरोबरची खूण केली.

इन्स्पेक्टर मिस्टर गिटन्स आला तो इस्त्रीच्या कपड्यांत, कपाळाचा घाम टिपत. सोबत हेडमास्तर इपोलित, वाकून वाकून चालणारे. गिटन्सनं वह्या मागवल्या आणि नेमकी तीच वही वर आली.

“हे काय आहे?”

“प्रत्यक्ष कथन, सर,” इग्नेशिया म्हणाली.

“ही भाषा नव्हे. आणि यावर तुम्ही बरोबरची खूण केली आहे?”

“तिची आई असंच बोलली, सर.”

हेडमास्तरांनी घाईघाईनं खिळ्यावरचा पट्टा काढून तिच्या हातात दिला. “लिओनीस, पुढे ये. टीचर, द्या दोन, आणि संपवा.”

लिओनीस पुढे आली आणि तिनं हात पसरला. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. पट्टा बसणार हे ती धरूनच चालली होती. ते बघून इग्नेशियाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पट्टा टेबलावर ठेवला.

“मी मारणार नाही.”

गिटन्स हसला. माणूस अगदीच वाईट नव्हता. त्याला फक्त कटकट नको होती. “ठीक आहे. मारू नका. वाक्य अप्रत्यक्ष करून घ्या. ‘आईने मला नियमितपणे शाळेत जाण्याचा सल्ला दिला.’ अर्थ तोच, आणि भाषेचा प्रश्नही मिटला.”

“एवढं करा हो,” हेडमास्तर तिच्या कानाशी पुटपुटले. “एका ओळीचा तर प्रश्न आहे. आज कायम होऊन जाल.”

“सर, तिच्या आईनं सल्ला दिलेला नाही,” इग्नेशिया म्हणाली.

“मग काय दिलं?” आता गिटन्स चिडला. “वाचून दाखवा, एवढा अभिमान असेल तर!”

इग्नेशियानं वही उचलली. खडीवर बसवल्यापासून तिच्या तोंडातून पात्वाचा एक शब्द बाहेर पडला नव्हता. पहिल्याच शब्दाला जीभ अडखळली. लिओनीसनं हळूच तो शब्द नीट उच्चारून दाखवला, तशी मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. इग्नेशियालाही हसू आलं. मग तिनं मोठ्यानं वाचलं:

“माझी मान मोडली तरी चालंल. पर ज्या दिशी तू ह्या घडाखाली डोकं देशील ना, त्या दिशी मी तुला माझी लेक म्हननार न्हाई. जा, शाळंत जा, मुकाट!”

कोणी हसलं नाही. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया धक्क्यावरच होत्या.

गिटन्सनं पेनाचं टोपण काढलं. “मी लिहितो की शिक्षिकेने नियम पाळण्यास असमर्थता दर्शवली आणि खेद व्यक्त केला.”

“असमर्थता नाही, सर. मी समर्थ आहे. आणि खेदही नाही. मी ‘नाही’ म्हणाले, तेवढंच लिहा.”

त्यानं काय लिहिलं ते गावाला कधी कळलं नाही. एवढं कळलं की सत्र संपताच इग्नेशियाला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. हेडमास्तरांची बायको बाजारात सांगत सुटली, की टीचरला वेड लागलं.

त्याच बाजारात शनिवारी ब्रेडफ्रूटच्या ढिगापाशी अर्मान्सनं तिला गाठलं. मानेवर घड वाहून पडलेला घट्टा, हातात मुलीसाठी घेतलेली लिहायची पाटी. ती टीचरशी पहिल्यांदाच बोलत होती, नजर खाली घालून, पात्वात.

“बाई, माझ्यापायी तुमची नोकरी गेली म्हनं.”

हेडमास्तरांची बायको दोन पावलांवर उभी होती. इग्नेशियानं आवाज खाली केला नाही. जीभ अजून जड होती, पण शब्द पात्वाचेच होते.

“तुझ्यापायी न्हाई गं, अर्मान्स. माझ्या तोंडापायी गेली. आन् तोंड अजून माझ्यापाशीच हाय.”